एकाच बाजूला जाणारी लाट

"सर, एक केबल गेलीय बहुतेक," आमच्याकडे पीएचडी करणारी मुलगी म्हणाली. व्हीएनएच्या, म्हणजे एका पोर्टातून सोडलेला संकेत प्रत्येक वारंवारतेला दुसऱ्या पोर्टात किती पोचतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दोन रेघा होत्या. पहिल्या पोर्टकडून दुसऱ्याकडे जाताना ४.६ ते ५.२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात छान उंचवटा, आणि उलट दिशेने तोच उंचवटा पंधराएक डेसिबलने खाली. म्हणजे पोचणारी शक्ती तीसेक पटींनी कमी. कनेक्टर पुसून, टॉर्क रेंचने पुन्हा आवळूनही चित्र तेच.

आमची मांडणी तशी साधी. यिट्रियम आयर्न गार्नेटची, म्हणजे 'यिग'ची, १० मायक्रॉन जाडीची फिल्म. दिसायला पिवळसर हिरवी काचच. तिच्याखाली ५० मायक्रॉन रुंदीच्या दोन धातूच्या पट्ट्या, एकमेकींपासून ८ मिलिमीटरवर, प्रत्येक पट्टी केबलने एकेका पोर्टला जोडलेली. सगळं इलेक्ट्रोमॅग्नेटच्या ध्रुवांमध्ये, १००० ओर्स्टेडच्या (ओर्स्टेड हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्रात, आणि क्षेत्र पट्ट्यांना समांतर. (तिथे स्टीलचा चिमटा न्यायला बंदी आहे. का, ते एकदा ध्रुवाला खाडकन चिकटलेला चिमटा सोडवताना कळतं.)

यिग विद्युतरोधक आहे, त्यात प्रवाह शिरतच नाही. प्रवाह खेळतो तो फक्त पट्टीत. पण त्याचं चुंबकीय क्षेत्र पट्टीभोवती फिरतं, वरच्या फिल्ममध्ये घुसतं आणि तिथल्या लोहाच्या आयनांचे स्पिन, म्हणजे त्यांचे चिमुकले चुंबक, हलवतं. बाहेरच्या क्षेत्राभोवती ते भोवऱ्यासारखे डुलू लागतात, एकाचं डुलणं शेजाऱ्याला लागतं आणि लाट निघते. दुसऱ्या पट्टीवरून जाताना ती तिथे पुन्हा प्रवाह निर्माण करते.

"केबल नंतर बघू. आधी टाइम डोमेन लाव," मी म्हटलं. म्हणजे वारंवारतेऐवजी संकेत किती वेळाने पोचतो ते दिसतं.

लावल्यावर दोन उंचवटे वेगळे झाले. पहिला जवळजवळ शून्यावर. ही पट्टीतून पट्टीत हवेतूनच झालेली थेट गळती, विद्युतचुंबकीय, म्हणून लगेच पोचते. दुसरा शंभर नॅनोसेकंदांच्या पुढे, पसरट. तीच आपली लाट. सेकंदाला ऐंशी किलोमीटर हा तिचा कमाल वेग, तोही प्रकाशापुढे गोगलगायच. आता गंमत अशी की थेट गळती दोन्ही दिशांना तंतोतंत सारखी होती. केबल किंवा कनेक्टर खराब असता तर तीही पडली असती. फरक फक्त उशिरा येणाऱ्या उंचवट्यात होता.

ही पृष्ठभागावरची लाट. १९६१ साली डेमन आणि एशबाख यांनी तिचं गणित मांडलं. एका दिशेची लाट फिल्मच्या खालच्या पृष्ठभागाला चिकटते, उलट दिशेची वरच्या, म्हणून एक कमजोर, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. आमच्या फिल्मसाठी मला ते अर्धंच उत्तर वाटतं. लाटेची लांबी जाडीच्या कितीतरी पट असली की लाट दोन्ही पृष्ठभागांवर जवळजवळ सारखीच असते. खरं काम पट्टी करते. तिच्या क्षेत्राचे दोन घटक असतात. आडवा घटक पट्टीच्या डावी-उजवीकडे सारखा, उभा घटक मात्र एकीकडे वर तर दुसरीकडे खाली. स्पिन एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे एका बाजूच्या लाटेला दोन्ही घटक मिळून ढकलतात, दुसरीच्या बाबतीत एकमेकांना खातात.

"मग क्षेत्र उलटं केलं तर?" तिनेच विचारलं.

पुरवठ्याची दिशा बदलली. लोखंडी गाभ्यात आधीचं चुंबकत्व उरतं, म्हणून नुसत्या अँपिअरच्या आकड्यावर न विसंबता हॉल प्रोबने, म्हणजे क्षेत्र थेट मोजणाऱ्या संवेदकाने, पुन्हा १००० ओर्स्टेड जुळवले. दोन्ही रेघांनी जागा बदलली. केबलला कुणी हातही लावला नव्हता.

मग नमुन्याचा धारकच नव्वद अंशांत फिरवायला सांगितला. आता क्षेत्र लाटेच्या वाटेनेच. पट्टीच्या क्षेत्राचा आडवा घटक मोठ्या क्षेत्राला समांतर पडल्याने निकामी, उरला एकटा उभा. वारंवारतेचा पट्टा ४.६ गिगाहर्ट्झच्या खाली सरकला आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. तिने तिन्ही फाइली सेव्ह केल्या आणि केबलवर चिकटवलेली 'खराब' ही चिठ्ठी काढून टाकली.