शिंग, सरस आणि इपॉक्सी: धनुष्यात काय बदलावं आणि काय नाही

शिंगाचं धनुष्य करतो म्हटलं की हमखास एक प्रश्न येतो: "आता फायबर ग्लास मिळतं, कार्बन मिळतो, मग म्हशीचं शिंग आणि जनावराची नस कशाला?" (नस म्हणजे इथे रक्ताची शीर नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट कंडरा.) मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जिग-फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम पक्कं धरून ठेवणारे साचे, बनवतो. ग्लास आणि इपॉक्सी हा रासायनिक गोंद रोज हाताखालून जातात, त्यामुळे विचारणाऱ्याला वाटतं मी त्याच्याच बाजूने बोलणार. अर्ध्या गोष्टीत बोलतोही. शिंग कापणं, जुळवणं, चिकटवणं, सुकवणं यात जेवढं नवं आणता येईल तेवढं खुशाल आणावं. धनुष्याच्या पाठीवरच्या नसेला मात्र सरसच, म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेला गोंदच पाहिजे. या एका मुद्द्यावर मी हटून बसतो, आणि त्याला कारण आहे.

धनुष्य ओढलं की आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं आणि पलीकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. लाकूड जेमतेम एक टक्का ताण सोसतं. शिंग दाबाखाली आणि नस ताणाखाली साधारण चार टक्क्यांपर्यंत जातात आणि परत जागेवर येतात. म्हणून पोटाला शिंग, पाठीला नस आणि मधे लाकडाचा किंवा बांबूचा पातळ गाभा. गाभ्याने फक्त दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवायचं. या रचनेमुळे धनुष्य आखूड राहतं आणि तरी बाण कानापर्यंत ओढता येतो. घोड्यावरून लढणाऱ्या तुर्कांना, मंगोलांना, मुघलांना नेमकं हेच हवं होतं.

ग्लास शिंगापेक्षा कितीतरी ताठ आणि जडही. त्याचा थर मिलिमीटरभर पुरतो. शिंगाची पट्टी चार-पाच मिलिमीटर ठेवावी लागते. ग्लासचं धनुष्य पावसाला घाबरत नाही, गाडीच्या डिकीत राहतं, नव्या माणसाच्या हातात बिनधास्त देता येतं. ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्यही मधे गाभा आणि दोन्हीकडे ग्लास-कार्बन याच तत्त्वावर चालतं. ज्याला नेमबाजीच करायची आहे त्याने तेच घ्यावं. ज्याला शिंगाचं धनुष्य करायचं आहे त्याच्यासाठी पुढचं.

सुरुवात शिंगापासून करा, बाकी सगळं मागाहून. मुऱ्हा म्हशीचं शिंग जिलेबीसारखं वळलेलं, त्यातून सरळ पट्टी निघतच नाही. आपल्या महाराष्ट्राचं भाग्य असं की पंढरपुरी म्हैस आपल्याकडे आहे. तिची शिंगं मागे खांद्यापलीकडे जातात, तलवारीसारखी लांब. दीड फूट तर सहज. बाहेरच्या वळणाकडून एका शिंगाची एकच चांगली पट्टी मिळते, आणि दोन्ही भुजांना, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंच्या वाकणाऱ्या भागांना, एकाच म्हशीची जोडी असेल तर उत्तम. सांबर-चितळाच्या शिंगांचा विचारसुद्धा करू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ती घरात ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, शिवाय ती मुळात हाडाची असतात, म्हशीच्या शिंगासारखी दबून परत येत नाहीत. गाय-बैलाची कत्तल २०१५च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बंद, म्हणून त्यांचं शिंगही नको. म्हशीचं चालतं.

शिंगातला हाडाचा गाभा काढून ते आधी बँडसॉवर उभं कापायचं. जुने कारागीर हे हातकरवतीने करत; इथे यंत्र वापरण्यात काहीच बिघडत नाही. मग पट्टी उकळत्या पाण्यात मऊ करून दोन जाड प्लायमध्ये सी-क्लॅम्पने दाबून सरळ करायची. पुन्हा वाकू नये म्हणून पूर्ण थंड आणि कोरडी होईपर्यंत क्लॅम्प काढायचा नाही. बेल्ट ग्राइंडरवर घासताना जळक्या केसांचा वास येतो आणि पीठ उडतं. साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा.

गाभ्याला मी पेठ-सुरगाण्याकडचा भरीव बांबू घेतो. कोरियन धनुष्यात गाभा बांबूचाच असतो, टोकं तुतीची आणि मूठ ओकची. आपल्याकडे तुतीही मिळते, रेशीमवाल्यांकडे. गाभ्याचा साचा मी प्लायमध्ये लाकूड कोरायच्या राउटरने काढतो, म्हणजे दोन्ही भुजांचं वळण एकसारखं येतं. यात हौस नाही, गणित आहे. भुजेचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: जाडी दहा टक्क्यांनी वाढली की ताठपणा तेहतीस टक्क्यांनी. रुंदीचं तसं नाही, ती दुप्पट केली तर ताठपणा दुप्पटच. म्हणून व्हर्निअर हाताशी ठेवून भुजेवर दर दोन इंचांवर पेन्सिलने जाडी लिहून ठेवा.

आता शिंग गाभ्याला चिकटवणं. पूर्वी शिंगाला आणि लाकडाला दातेरी हत्याराने उभ्या खाचा पाडत, खाचेत खाच बसवत आणि सरस लावून दोरीने करकचून आवळत. मी इथे इपॉक्सी वापरतो आणि मला ती सरसापेक्षा बरी वाटते. दमट हवेत शिंगाचा जोड सुटण्याची भीती कमी होते. फक्त दोघांचे स्वभाव उलट आहेत. सरसाला घट्ट दाब लागतो. इपॉक्सीला जोडात थोडी राहायला जागा लागते, सगळी पिळून काढली तर जोड कोरडा पडतो. शिंग ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत करा, अ‍ॅसिटोनने दोनदा पुसा, त्यानंतर त्याला बोट लावू नका. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. दाब सगळीकडे सारखा बसतो. साध्या तापमानाला सेट होणारी इपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ पडू लागते, म्हणून ती नंतर गरम पेटीत भाजून घ्यावी. नाशिकच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत काय तापमान होतं ते आपल्याला माहीत आहे.

हे करताना गाभ्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ती पूर्ण झाकायची. इपॉक्सीचा थेंब जिथे सुकला तिथे सरस धरणार नाही.

आणि आता नस. जुन्या नाशकातल्या एका खाटीक चाचांकडून मी ती घेतो. पहिल्यांदा मागितली तेव्हा ते म्हणाले, "कुत्र्यासाठी पाहिजे का?" "नाही चाचा, धनुष्याला लावायची." त्यांनी सुरी खाली ठेवली. "मग मागच्या पायाची घ्या. पुढच्या पायाची आखूड निघते." हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नस स्वच्छ करून सावलीत वाळवली की ती पिवळट, अर्धपारदर्शक आणि काडीसारखी कडक होते. मग ऐरणीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकायची. लोखंडी हातोड्याने धागे तुटतात. ठोकता ठोकता ती पांढरी पडते, फुटते आणि बोटांनी सोलली की केसासारखे धागे सुटत जातात. साबणाच्या पाण्यात धुऊन तेलकटपणा काढायचा, फणीने विंचरायचं, पेन्सिलीएवढ्या जुड्या बांधायच्या.

सरस साठ अंशांच्या आसपास गरम ठेवायचा, उकळू द्यायचा नाही; उकळला की ताकद जाते. जुडी त्यात बुडवून दोन बोटांत निपटायची आणि पाठीवर लांबीच्या दिशेने चपटी बसवायची, विटांच्या बांधकामात सांधे जसे चुकवतात तसे सांधे चुकवत. आणि इथेच इपॉक्सी हरते. इपॉक्सी सेट होताना जवळजवळ आकसत नाही. सरसातलं पाणी उडतं तसा तो नसेसकट आकसतो आणि आठवड्यांमागून आठवडे भुजांना मागे खेचत राहतो. दोरी न लावलेलं धनुष्य उलट्या बाजूला वाकत जातं, टोकं एकमेकांकडे येऊ लागतात. म्हणजे दोरी चढवली की बाण लावण्याआधीच पाठ ताणलेली आणि पोट दाबलेलं असतं. हा जोराचा साठा फुकटचा नाही, वेळ देऊन मिळवलेला आहे. इपॉक्सीत भिजवलेली नस म्हणजे महागडा, कमी ताकदीचा फायबर ग्लास. माझं हे मत ठाम आहे.

सरसाचा शत्रू दमटपणा. नसेचं काम मी फेब्रुवारी ते मे या काळातच करतो. नाशिकची कोरडी हवा तेव्हा आपल्या बाजूने असते. पण एप्रिलच्या झळा थेट लागू द्यायच्या नाहीत, वरचं कवच आधी कडक होऊन आत ओल अडकते. पावसाळ्यासाठी प्लायची पेटी केली आहे. आत दोन बल्ब, एक थर्मोस्टॅट आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा पन्नासच्या खाली राहील असं. कोरियातले धनुर्धर शिंगाची धनुष्यं आजही उबदार पेटीत ठेवतात, त्यामुळे हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं बनली त्याला आपली दमट हवा हेही एक कारण होतं. ती शिंगाच्या धनुष्याएवढा जोर देत नसत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं टिकत.

पहिल्यांदा दोरी चढवताना घाई नको आणि एकट्याने तर नकोच. इतकं उलटं वाकलेलं धनुष्य निसटलं तर तोंडावर येतं. हेअर ड्रायरने भुजा कोमट करा, लाकडी ठोकळ्यांवर दोघांनी मिळून हळूहळू वाकवा, भुजा पिळ खात नाही ना हे सतत बघा. एक भुजा ताठ वाटली तर शिंगाच्या बाजूने घासायचं, नसेला कधीच हात लावायचा नाही. नसेचा धागा कापला गेला की तो तिथूनच उठत जातो.

सध्या पेटीत पुतणीचं धनुष्य आहे, तीस पाउंडाचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागेल असं. घोड्यावर बसायला शिकते आहे, तिला आखूडच हवं होतं. मे महिन्यात नसेचा पहिला थर झाला, तो टणटणीत सुकलाय. दुसरा थर ती दिवाळीनंतर लगेच मागते आहे. मी फेब्रुवारी सांगितला आहे.