नागपूर, मे महिना आणि बाबांचा स्पेक्ट्रम

मे महिन्यात नागपूरला जाऊ नकोस असं मला एकूणएक माणसाने सांगितलं, प्रतापनगरच्या मावशीने तर फोनवर "डिसेंबरात ये नं, संत्री खाशील" म्हणून विषयच संपवला होता, पण माझं काम डिसेंबरपर्यंत थांबणारं नव्हतं. बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, ज्या दुकानात मला जायचं होतं ते दिवाळीपर्यंत बंद होणार अशी बातमी होती. माझ्या बॅगेत तीन टॉवेलांत गुंडाळलेला बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे त्यांचा जुना घरगुती कॉम्प्युटर होता, आणि तो मेला होता, आणि तो मेला त्यात माझी चूक होती.

चूक आधी सांगून टाकते. माळ्यावरून मशीन काढलं, पुसलं, मूळ अडॅप्टर सापडला नाही, म्हणून पुण्यातल्याच एका रिपेअरवाल्याकडे दिलं. त्याने नऊ व्होल्टचा आजकालचा अडॅप्टर लावला. व्होल्टेज बरोबर, पिन पण बसली. पण स्पेक्ट्रमच्या पिनला आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह असतं, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरना बरोबर उलटं. "मॅडम, हे भंगारात द्या आता," असं म्हणून त्याने परत हातात दिलं. तुमच्या घरी असं काही पडलं असेल तर विचारल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका, दुसऱ्यालाही घालू देऊ नका. मी रिपेअरवाल्याला एक शब्द न विचारता मशीन देऊन आले होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ज्यांना स्पेक्ट्रम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये हा घरगुती कॉम्प्युटर काढला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून प्रोग्राम आत घ्यायचा, मेमरी १६ नाहीतर ४८ केबी. १९८४ मध्ये रबरी बटणांऐवजी प्लास्टिकच्या कीबोर्डचा 'प्लस' आला. १९८६ मध्ये डेसिबल्स नावाच्या भारतीय कंपनीने लायसन्स घेऊन तोच इथे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून विकायला सुरुवात केली. आणि त्याच १९८६ च्या एप्रिलमध्ये तिकडे सिंक्लेअरने आपला सगळा कॉम्प्युटरचा धंदा पन्नास लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडला विकून टाकला. म्हणजे तिकडे मूळ घर मोडत होतं आणि इकडे बर्डीतला एक रेडिओ रिपेअरवाला दुकानावर 'कॉम्प्युटर' असा बोर्ड रंगवून घेत होता. आम्ही १९८७ ते ९१ नागपुरात होतो, बाबांच्या बदलीमुळे. आमचं मशीन त्याच दुकानातलं.

प्रवासाचं काही लिहिण्यासारखं नाही, रात्र आणि पुढचा अर्धा दिवस ट्रेनमध्ये गेला, वर्धा गेल्यावर खिडकीतून भट्टीसारखी हवा यायला लागली. मावशीकडे पोचले, आंघोळ केली, वाळ्याच्या कूलरसमोर बसले, आणि कूलरसमोरून माणूस उठत का नाही ते मला पस्तीस वर्षांनी परत कळलं. तो वास एसीला नाही. पुण्याच्या लोकांनी हवं तर भांडावं माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोहे खाऊन, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधून मेट्रोने सीताबर्डीला उतरले. दुकान मुख्य रस्त्यावर नाही, एका बोळात आहे, दोन्ही बाजूंना मोबाईलची कव्हरं लटकतात आणि मध्ये हे. पुढच्या काउंटरवर चार्जर, रिमोट, टेम्पर्ड ग्लास. मागे लाकडी कपाट, त्याला लहान लहान ड्रॉवर, प्रत्येकावर निळ्या शाईत लिहिलेली चिठ्ठी. दुकानदारकाका आता सत्तरीपुढचे आहेत. मी टॉवेल उलगडले तसा त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मशीन उलटं करून पहिल्यांदा नंबर वाचला.

"आपलंच आहे हे," म्हणाले. "काय झालं याला?"

मी अडॅप्टरचं सांगितलं. काका रागावले नाहीत, पण चेहऱ्यावर त्रास दिसला. "सेंटर निगेटिव्ह आहे जी हा. काहून लावला तो अडॅप्टर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचा तास मी स्टुलावर बसून पाहत होते. त्यांनी मशीन उघडलं, मल्टिमीटर लावला. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ केबीसाठी ४११६ नावाच्या आठ चिप असतात आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, बारा, पाच आणि उणे पाच. ते ज्या सर्किटमधून बनतात तिथला एक लहानसा ट्रान्झिस्टर उलट्या करंटने पहिला जातो, आणि तो गेला की चिपांना नीट व्होल्टेज मिळत नाही आणि त्याही जळतात. हे सगळं ते बोलता बोलता करत होते. ट्रान्झिस्टर बदलला, मशीन चालू केलं, स्क्रीनवर नुसत्या उभ्या पट्ट्या. मग त्यांनी तर्जनी पुढे केली आणि आठही चिपांवर एकेक करून टेकवली, जसं ताप पाहतात तसं. तिसऱ्यावर बोट झटकन मागे. सहाव्यावर पुन्हा.

"या दोन गेल्या. मेलेली चिप तापते, पाहून राहिली नं? मीटरपेक्षा बोटाला आधी समजते."

मग त्यांनी मला वरच्या ३२ केबीच्या चिपा दाखवल्या. त्यांची गोष्ट मला माहीत नव्हती आणि ऐकून मी थक्क झाले. सिंक्लेअरला स्वस्तात मशीन विकायचं होतं, म्हणून त्यांनी ६४ किलोबिटच्या अशा चिपा घेतल्या ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच खराब निघाला होता. उरलेला अर्धा वापरायचा. कुठला अर्धा चांगला आहे ते ठरवायला बोर्डावर एक तारेचा तुकडा इकडे नाहीतर तिकडे जोडायचा. माझ्या लहानपणातले सगळे खेळ अर्ध्या बाद चिपांवर चालले होते! काकांनी ती तार टोकाने हलकेच दाखवली, अर्ध्या आगपेटीच्या काडीएवढी.

दुकानाचा इतिहास मी त्या दोन-तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी ऐकला, मध्येमध्ये गिऱ्हाईक यायचं, "काका, टाईप-सी आहे का" विचारायचं, काका उठून द्यायचे आणि येऊन वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचे. वडिलांचं रेडिओ-ट्रान्झिस्टरचं दुकान. आधी कोणाचा तरी नातेवाईक लंडनहून स्पेक्ट्रम आणायचा आणि तो इथे टीव्हीला लागायचाच नाही, कारण तो यूएचएफच्या ३६ नंबर चॅनलवर चित्र पाठवणार आणि इथल्या बऱ्याच टीव्हींना फक्त व्हीएचएफचे, म्हणजे दुसऱ्याच लहरींचे चॅनल. ते जुळवून द्यायचं काम यांच्याकडे आलं, तिथून यांना नाद लागला. मग डीबी आला तसा हे तोच विकायला लागले, संध्याकाळी मागच्या खोलीत पोरांना बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला लागले, आणि कॅसेटी. कॅसेटी कॉपी असायच्या, ते त्यांनी स्वतःच सांगितलं, लपवलं नाही, पण नियम होता की लोड झाली नाही तर बदलून देणार, कितीही वेळा.

१९९० च्या आसपास बाजार बसला. सगळ्यांना पीसी हवा होता. बाकी दुकानदारांनी उरलेला माल किलोवर काढला, आणि काकांनी तो किलोवरच विकत घेतला. बंद पडलेल्या क्लासेसची मशीनं, फुटके कीबोर्ड, बोर्ड. इंग्लंडमध्येही १९९२ मध्ये स्पेक्ट्रम बनणं बंद झालं. "कंपनी गेली म्हणून गिऱ्हाईक थोडीच जाते," काका म्हणाले. "माझ्याकडून नेलं नं त्यानं." घर इन्व्हर्टर, मग एसटीडी बूथ, मग मोबाईलवर चाललं, मागचं कपाट तसंच राहिलं. कीबोर्डच्या आतला मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा पातळ पडदा, वर्षांनी कडक होऊन त्याची पट्टी तडकते, ते आता इंग्लंडात काही हौशी लोक नवे बनवतात, काका ते भाच्याकरवी मागवतात. माझाही बदलला.

हे सगळं मी इतकं लांबवून लिहितेय कारण मला राग येतो. आपल्याकडे 'सर्व्हिस' हा शब्द प्रत्येक पाटीवर असतो, आणि दोन वर्षं जुना मिक्सर नेला तरी पार्ट येत नाही म्हणून सांगतात. इथे एक माणूस पस्तीस वर्षांपूर्वी विकलेल्या वस्तूची जबाबदारी अजून आपली समजतो, आणि त्याच्यामागे ते कपाट घ्यायला कोणी नाही. मुलगा बाहेरगावी, इमारत पाडणार आहेत. नागपुरातलं कोणी हे वाचत असेल, इलेक्ट्रॉनिक्सचा हात असेल, तर मनापासून सांगते, दिवाळीच्या आत त्या बोळात जा. भंगारवाला पोचायच्या आधी.

मधला एक दिवस चिपा शोधण्यात गेला, म्हणजे त्यांचा. माझा दीक्षाभूमी, फुटाळा तलाव आणि मावशीच्या शेजारणींकडे गेला, तीन घरी जेवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा काउंटरवर एक लांबट लाल खातेवही उघडी होती. काकांनी विकलेल्या प्रत्येक मशीनचं एक पान. वर नंबर, नाव, पत्ता, खाली दुरुस्त्या. त्यांनी आमचं पान काढून ठेवलं होतं. बाबांनी मशीन हप्त्यावर घेतलं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला दोनशे रुपये आणि समोर बाबांची ती तिरकी सही. सगळ्या सह्या सारख्या, आणि मध्येच एका ओळीत वेगळी सही. आईची.

माझी आई या मशीनवर कायम चिडलेली असायची. छायागीताच्या वेळी टीव्ही अडवतं म्हणून, वायरीत पाय अडकतो म्हणून, पोरीचे डोळे जातील म्हणून. ती गेल्याला नऊ वर्षं झाली. ती कधी या बोळात आली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. बाबा त्या महिन्यात कुठे तरी ड्युटीवर असणार. तिने पूर्ण नाव लिहिलं होतं, शेवटच्या अक्षराची वेलांटी लांब ओढून, जशी माझ्या प्रगतिपुस्तकावर ओढायची. मी त्या ओळीचा फोटो काढायला लागले आणि काढता येईना. काका उठून माठातलं पाणी घेऊन आले, काही बोलले नाहीत.

मग त्यांनी मशीन पोर्टेबल टीव्हीला जोडलं. पांढरी स्क्रीन आणि खाली ती ओळ, १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. टेस्ट म्हणून त्यांनी दुकानातलीच एक गेम लावली, पूर्ण ४८ केबीची. त्याला साधारण पाच मिनिटं लागतात. आधी लाल आणि फिकट निळ्या जाड पट्ट्या, मग निळ्या-पिवळ्या बारीक, आणि तो किर्रर्र आवाज, ज्याने आई दार लावून घ्यायची. टेम्पर्ड ग्लाससाठी आलेला एक शाळकरी मुलगा पण थांबून पाहत राहिला. चौथ्या मिनिटाला लाईट गेली. पंखा बंद, कूलर बंद, अख्खा बोळ एकदम चूप. स्पेक्ट्रममध्ये काही शिल्लक राहत नाही, परत पहिल्यापासून. वीस मिनिटं आम्ही तिघं पुठ्ठ्याने वारा घेत बसलो.

लाईट आली तेव्हा मी पर्समधून बाबांची कॅसेट काढली. त्यांच्या अक्षरात 'पाढे' लिहिलेली. काकांनी टेपरेकॉर्डरचं टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट लावली, आणि स्क्रीनवर टेप लोडिंग एरर. दोनदा. मला वाटलं संपलं.

"बाबांच्या टेपरेकॉर्डरचं हेड तिरपं असन," काका म्हणाले, "त्याच तिरप्यावर ऐकावं लागते." त्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला, हेडजवळच्या स्क्रूत घातला, कान स्पीकरला लावला आणि डोळे मिटून केसभर फिरवत राहिले. आवाज बोदा होता, मग थोडा उघडला, मग एकदम धारदार झाला. तिथे हात थांबला. कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. मिनिटभरात पट्ट्या थांबल्या.

काकांनी सांगितलेली रक्कम इतकी कमी होती की मी वाद घातला आणि हरले. आमच्या पानावर खाली जागा होती, तिथे त्यांनी तारीख घातली, दोन चिपा, ट्रान्झिस्टर, मेंब्रेन लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. मी बाबांच्या आणि आईच्या सहीखाली सही केली.

तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "काहीतरी विचारून राहिलं हे."

स्क्रीनवर १७ गुणिले ८ होतं. मी बोटावर आकडे जुळवत होते, काका वही मिटत तिकडे न बघताच म्हणाले, "एकशे छत्तीस." मी ते टाईप केलं आणि एंटर दाबलं. रोमन अक्षरांत 'शाब्बास' आलं, आणि त्याखाली १९ गुणिले ७.