मिरामारची शर्यत आणि दंडावरचा सेन्सर

पणजीत आयर्नमॅन ७०.३ असली की मिरामारच्या किनाऱ्यावर पहाटेच्या अंधारातच वर्दळ सुरू होते. २०१९ साली ही शर्यत इथे पहिल्यांदा झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावणं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. आम्ही आदल्या दिवशी बेळगावहून चोर्ला घाटाने उतरलो. घाटाबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण या खेपेला माझं लक्ष शेजारी बसलेल्या भाच्यावरच होतं.

त्याला लहानपणापासून टाईप १ मधुमेह आहे. शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते रोज बाहेरून घ्यावं लागतं, जन्मभर. दंडावर नाण्याएवढा सेन्सर असतो, तो साखरेचा आकडा घड्याळावर दाखवत राहतो. रात्री खोलीवर त्याने सेन्सरभोवतीची त्वचा स्पिरिटने पुसली, पुरती वाळू दिली, वरून चिकटपट्टी लावली आणि तिच्या कडा अंगठ्याने बराच वेळ दाबत बसला. म्हणाला, "खाऱ्या पाण्याने सुटते गं मावशी. आणि पाण्याखाली सिग्नल पोचत नाही. पोहताना आकडा नाहीच, अंगाला काय वाटतंय त्यावर जायचं." गोड जेलची एक पुडी त्याने सूटच्या बाहीत खोचून ठेवली होती.

सुरुवातीच्या धडधडीने साखर चढते, आणि तासन् तास अंग राबलं की ती झरझर उतरते. त्यामुळे पाण्यातून धावत आलेला तो सायकलपाशी आधी थांबला, बोट टोचलं, पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला, आकडा बघितला, अर्धं केळं खाल्लं आणि मगच हेल्मेट घातलं. बाकीचे भराभर निघून जात होते. मला त्या दिवशीचं सगळ्यात मोठं धाडस तेच वाटलं.

धावायला सुरुवात झाली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. रस्त्याकडेला पणजीची माणसं "चल रे, चल!" करत पाणी देत होती. भाच्याच्या टी-शर्टवर मराठीत लिहिलं होतं, 'पट्ट्यांसाठी धावतोय'. आमच्याकडच्या एका दवाखान्यात येणाऱ्या मुलांच्या साखर तपासायच्या पट्ट्यांसाठी तो किलोमीटरमागे पैसे गोळा करत होता. दिवसाला चार-पाच पट्ट्या तरी लागतात, आणि मजुरी करणाऱ्या घरात पहिली काटछाट तिथेच होते. टोरंटोत १९२१ साली इन्शुलिन सापडलं, आणि १९२३ साली संशोधकांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला देऊन टाकलं होतं. ते औषध सर्वांचं असावं, एवढीच त्यांची इच्छा. शंभर वर्षांनंतरही एखादं पोर पट्टी नाही म्हणून अंदाजाने इंजेक्शन घेतं, हे मला सहन होत नाही.

मुदतीच्या आत तो पोचला. गळ्यात पदक पडलं, मी रडले.

संध्याकाळी पणजीतल्या काही डॉक्टरांनी छोटा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, चहा, भजी. अशा सत्कारांना नावं ठेवणारे असतात, मला मात्र त्यांचं मोल वाटतं. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी अमेरिका आडवी सायकलने पार करून आले. २०१७ साली तीच रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी एकट्याने पूर्ण केली. हे दोघेही डॉक्टरच. जवळजवळ पाच हजार किलोमीटर सायकल मारलेला डॉक्टर 'व्यायाम करा' म्हणतो तेव्हा रोगी ऐकतो. तसंच, ज्याला मधुमेह आहे त्याला डॉक्टरांनी व्यासपीठावर बोलावलं की आईबाप ऐकतात. टाईप १ च्या कितीतरी मुलांना घरचे धास्तीने खेळू देत नाहीत.

त्या सभागृहात ते डोळ्यांनी दिसलं. फोंड्याहून आलेली एक आई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन मागे बसली होती. भाषणं संपल्यावर ती पुढे आली. तिने भाच्याला नाही, म्हापशाच्या वयस्क डॉक्टरांना विचारलं, "हिला पीटीला पाठवू का?"

डॉक्टरांनी मुलीच्या दंडाकडे पाहिलं, मग भाच्याच्या. "पाठवा. खेळायच्या आधी शुगर बघायची, पिशवीत ग्लुकोज ठेवायचं, आणि पीटीच्या सरांना सांगून ठेवायचं."

"सरच घाबरतात," मुलगी म्हणाली.

मग कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टरांनी आणि भाच्याने तिथेच सरांसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. हात थरथरले, घाम फुटला, मूल गोंधळल्यासारखं वागलं तर खेळ थांबवा, तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. डॉक्टर म्हणाले, हीच चिठ्ठी टाईप करून ओळखीच्या सगळ्या दवाखान्यांत देतो. भाच्याने बेळगावसाठी तिचा फोटो काढून घेतला. मुलीने मात्र हाताने लिहिलेली मूळ चिठ्ठीच मागितली, सोमवारी शाळेत न्यायला.