काकांचा याशिका आणि माझी तेलाची हौस

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की चपला, पट्टे, कपाटातल्या पुस्तकांचे पुठ्ठे सगळ्यावर हिरवट भुरी चढते, आणि काकांचा याशिका मॅट १२४ जी, म्हणजे वर-खाली दोन लेन्स असलेला जुना फिल्मचा कॅमेरा, तर वीसेक पावसाळे माळ्यावर पडून होता. तोसुद्धा अगदी जपून, त्याच्या कातडी पाकिटात, वर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला गाठ. ह्या जपण्यानेच घात केला हो. कातडं ओल धरून ठेवतं, पिशवी ती बाहेर जाऊ देत नाही, आत अंधार, बुरशीला अजून काय पाहिजे?

काका मालवणात लग्नं करायचे. म्हणजे लग्नांचे फोटो. आंगणेवाडीच्या जत्रेलाही हाच कॅमेरा गळ्यात. १२० नंबरचा फिल्मचा रोल घातला की १२ फोटो, २२० चा घातला की २४, म्हणून १२४. आणि जी म्हणजे गोल्ड, उजेड मोजणाऱ्या मीटरच्या कॉन्टॅक्टना सोन्याचा मुलामा आहे म्हणून. हे काकूला सांगायची चूक केली, तर ती म्हणाली, "सोना आसा? मगे इकून टाक!"

हँडल फिरत होतं, १२५ वर, म्हणजे सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागाला, शटर बरोबर वाजत होतं. पण १ सेकंदावर लावलं की उघडून नुसतं कर्रर्र करायचं आणि मध्येच झोपायचं. जुनं तेल घट्ट होऊन स्लो स्पीडची चक्रं अडकतात, हे आता कळतं. तेव्हा मी काय केलं, पुढची लेन्स रबरी बुचाने दाबून फिरवून काढली आणि शटरच्या पात्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला, म्हटलं करकरणाऱ्या दाराला चालतं तर ह्याला का नाही. दुसऱ्या दिवशी ५०० लाही उघडेना. पाती एकदम पातळ असतात, मध्ये तेल गेलं की भिजलेल्या पेपरच्या पानांसारखी एकमेकांना चिकटतात. ती कोरडीच चालायची असतात.

मग लायटरमधलं पेट्रोल आणलं. शटर बी वर (बटण दाबून ठेवलं की उघडंच राहतं तिथे) उघडं धरायचं, इअरबडने पुसायचं, सोडायचं, दहावीस वेळा मारायचं, की कुठून तरी परत तेल झिरपून पात्यांवर चकाकी येते, परत पुसायचं. सात-आठ फेऱ्या झाल्या. पुढचं कातडं सोलून, खालचे स्क्रू काढून पॅनल बाजूला केलं, तेव्हा कुठे चक्रांपर्यंत पोचलो. जपानी स्क्रूची फुली आपल्या स्टार स्क्रूड्रायव्हरसारखी दिसते पण तशी नसते, आपला ड्रायव्हर वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. एक खाल्लंच. जेआयएसवाला, म्हणजे जपानी मापाचा, ड्रायव्हर आधीच मागवायला हवा होता.

काकू दारात, "काय रे, ह्या काय मांडून बसलंस? जेवान थंड झाला." मी श्वास रोखून, समोर ताटलीत स्क्रू, आणि पंखा बंद. मे महिना!

लेन्सच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया अर्धं अर्धं करून पुसली. बरीचशी गेली, पण एक फांदी कोटिंग खाऊन बसलीय ती कायमची, टॉर्च मारला की दिसते. फोटोत नाही जाणवत, फक्त सूर्य समोर असेल तर जपायचं.

वरच्या लेन्समधलं दृश्य व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणारा आतला आरसा असतो, त्याचं मात्र माझ्या हातून वाटोळं झालं. बाथरूमच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, ह्याचा पुढे. मी बनियनने घासला आणि पाऱ्यासारखं काहीतरी बनियनवर आलं. आता व्ह्यूफाइंडरमध्ये कोपऱ्यात एक काळपट डाग आहे. फोटो खालच्या लेन्सने निघतो म्हणून त्यावर येत नाही, एवढंच नशीब.

मीटरला १.३५ व्होल्टचा मर्क्युरी सेल लागतो, तो बंद झालाय. १.५ चा अल्कलाइन घातला तर रीडिंग चुकतं. काकूच्या कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ चा असतो, बाजूने एक रबरी रिंग लावून तो बसवला. एक सेल मी ढापलाय हे तिला अजून माहीत नाही.

ह्या पावसात कातडी पाकीट बाहेर, कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांबरोबर. तांदळात ठेव म्हणून सांगणारे खूप भेटले, तांदळाची भुकटी आत जाते हो. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर परत भाजायचे, जेवणाचा तवा नको. आणि दर रविवारी सगळ्या स्पीडवर शटर मारायचं, चक्रं फिरती राहिली पाहिजेत. काकू विचारते, रिकामो कॅमेरो कित्याक मारतंस.

पहिला रोल दांडीच्या किनाऱ्यावर संपवला, शेवटचे तीन फोटो काकूचे. पण नळाला सध्या गढूळ पाणी येतंय, त्यात निगेटिव्ह कशी धुणार? रोल फ्रीजमध्ये सोलकढीच्या बाटलीमागे ठेवलाय आणि काकू रोज विचारते, "माझो फोटो खंय?"