वेल्लोरचा मुक्काम, डोनरसोबत

सांगलीहून निघताना सामानात चार किलो ज्वारीचं पीठ, मेहुण्याची जाडजूड फाइल आणि सासूबाईंनी पुडीत बांधून दिलेला अंगारा होता. मेहुण्याला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. म्हणजे हाडांतला मगज रक्त तयार करायचं जवळजवळ थांबलेला. उपाय म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, दुसऱ्याचा मगज त्याला चढवायचा. त्यासाठी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. थोरल्या बहिणीचं जुळलं नाही, धाकटीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, जुळलं.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत बंगळूर, तिथून दुसऱ्या गाडीने काटपाडी. वेल्लोरला जायचं म्हणजे इथंच उतरायचं. रिक्षावाल्याला मी नुसतं ‘सीएमसी’ (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, आमचं हॉस्पिटल) सांगितलं आणि त्यानं गावातल्या जुन्या हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोडलं. रक्तविकारांचा विभाग आता राणीपेटच्या आवारात आहे, गावाबाहेर, बंगळूर-चेन्नई महामार्गावर. कागदावर आवाराचं नाव छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा, मग रिक्षा करा. (तो महामार्ग म्हणजे आपला पुणे-कोल्हापूरवालाच, एनएच 48. बायको म्हणाली, मग कराडहून नाकासमोर चालत आलो असतो की.)

खोली घेताना गॅस आणि भांडी आहेत का बघा, बोली महिन्याची करा. पेशंटला साधारण तीन महिने जवळच राहावं लागतं, डोनरचं काम दोन-तीन आठवड्यांत आटपतं. बंगाली पेशंट इतके येतात की मासे-भात कुठंही मिळेल. भाकरी मात्र आपली आपणच थापायची.

पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी मला आणि सासूबाईंना बाहेर बसवलं आणि बायकोशी एकटीशी बोलले. कुणाची बळजबरी आहे का, हे विचारायला. सासूबाईंना ते लागलं. मला बरं वाटलं. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

मेहुण्याला प्लेटलेट लागत होत्या. बायकोनं लगेच हात पुढे केला, तर तिला थांबवलं. ट्रान्सप्लांटआधी रक्ताच्या नात्यातल्यांचं रक्त दिलं तर पेशंटचं शरीर त्याविरुद्ध तयार होतं आणि पुढं मगज रुजायला अडचण येते. मी पडलो दाजी, माझं चाललं. गावाकडून चुलत भावांची फौज न्यायच्या आधी हे विचारून घ्या, मित्र जास्त उपयोगी पडतात.

माझी झोप उडाली ती पुढच्या दिवसांत. पेशंटची ट्रान्सप्लांटआधीची औषधं सुरू झाली की त्याचा उरलासुरला मगजही जातो, मग डोनरनं माघार घेणं किंवा आजारी पडणं परवडत नाही. तिच्यासमोर कुणी शिंकलं तरी मी दोघांच्या मधे जाऊन उभा राहायचो. बाहेरचं खाणं बंद, गर्दी बंद, दुचाकी तर अजिबात नाही.

आता कमरेच्या मणक्याचं. ‘मणक्यातून काढतात, पोरगी अधू होईल,’ असं गावात तीन जणांनी सांगितलं होतं. मणक्याला हात लावत नाहीत. पूर्ण भूल देऊन, पालथं झोपवून, मागच्या बाजूनं कमरेच्या हाडातून सुईनं काढतात. तिचं साडेआठशे मिली काढलं. मगज पांढरा असेल असं मला वाटत होतं, पिशवी गडद लाल निघाली, रक्तासारखीच. भावाला ती सलाइनसारखी चढवली, त्याचं ऑपरेशन वगैरे काही नाही. दोघांचे रक्तगट वेगळे आहेत, आता हळूहळू त्याचा गट तिचा होईल. यावर घरातल्या प्रत्येकानं राखीचा तोच विनोद केला.

दुसऱ्या दिवशी ती भिंत धरून चालत होती. गाढवानं मागून लाथ मारल्यासारखं दुखतं, असं ती म्हणाली. पंधरा दिवस खाली वाकणं, बादली उचलणं बंद, लोहाच्या गोळ्या चालू. फोन मात्र सगळे भावासाठी. ‘तो कसा आहे?’ तिचं कुणी विचारेना. मग मीच सांगायला लागलो, आधी हिची विचारपूस करा, मग त्याचं सांगतो. सोबत गेलेल्याचं हे खरं काम, बाकी रांगेत उभं कुणीही राहतं.

तो हॉस्पिटलच्या बंद खोलीत, ती आमच्या भाड्याच्या खोलीत. व्हिडिओ कॉलवर दोघं भांडायची, लहानपणीच्या सायकलवरून.

परतीला मोटार करू नका. तासन् तास बसणं त्या कमरेला झेपत नाही. रेल्वेत खालचा बर्थ घ्या, कुशीवर झोपून येता येतं. स्टेशनवर जिना चढायचा असेल तर लाज न धरता व्हीलचेअर मागा.

मगज चढवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, आम्ही सांगलीला असताना, त्याचा फोन आला. पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या होत्या. ती ‘बरं, औषधं वेळेवर घे’ एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, आता मी स्कूटर काढू का?”