आबांच्या पॅनचा पासवर्ड

जुलै 2023. आबा ऊसबिलातले दहा हजार काढायला बँकेत गेले आणि भरलेली स्लिप तशीच खिशात घालून परत आले. "खातं धरलंय म्हणे इन्कम टॅक्सनं," एवढंच बोलले आणि सोप्यात जाऊन बसले. ज्या माणसानं सोसायटीचं पीककर्ज कधी एक दिवस थकवलं नाही, त्याच्या नावावर साडेसोळा लाखांची डिमांड, म्हणजे टॅक्सची थकबाकी, निघाली होती.

भानगड जमिनीची होती. फेब्रुवारी 2018 मध्ये आबांनी कोल्हापूरजवळ राधानगरी रोडच्या आतल्या अंगाचा उसाचा एक तुकडा 41 लाखांना विकला. तेव्हा 30 लाख किंवा त्यावरचा दस्त झाला की निबंधक कार्यालयातून ती माहिती आयकर खात्याकडं जायची. आबांनी त्या वर्षीचं रिटर्न भरलंच नव्हतं, शेतजमिनीला कुठला टॅक्स म्हणून. खात्यानं 2022 च्या मार्चमध्ये कलम 148 ची, म्हणजे जुनं वर्ष पुन्हा तपासायची, नोटीस काढली, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून पुढच्या मार्चमध्ये कलम 144 खाली एकतर्फी ऑर्डर झाली. वर साचलेलं व्याज. यातला एकही कागद आमच्या उंबऱ्यापर्यंत आला नव्हता.

आता मला टॅक्सचा वकील शोधायचा होता. उद्यमनगरात माझं लहानसं मशिन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. जीएसटीचं सगळं एक सीए बघतात, त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो. त्यांनी सरळ सांगितलं, "अपील हे माझं रोजचं काम नाही. उगाच हात घालणार नाही." तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्या महिन्यात भेटलेल्यांपैकी सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच. त्यांनीच समजावलं की आयकराच्या पहिल्या अपिलात सीए उभा राहू शकतो, वकीलही राहू शकतो. बघायचं ते हे की समोरचा माणूस अपिलं खरोखर चालवतो का, की वर्षभर रिटर्नच भरतो.

आणि एक गोष्ट विचारली. "आबांचं आयकराच्या पोर्टलचं लॉगिन कुणाकडं आहे?"

इथून पुढचे अकरा दिवस मी विसरणार नाही.

लॉगिन होतं आमच्या जुन्या टॅक्सवाल्यांकडं. नाव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मशिनच्या कर्जाला आबा जामीन राहिले, तेव्हा बँकेला त्यांचं रिटर्न लागलं होतं. या गृहस्थांनी तेव्हा खातं उघडलं आणि मोबाइल नंबर घातला स्वतःच्या ऑफिसचा, ईमेलही ऑफिसचाच. म्हणजे आबांना आलेली प्रत्येक नोटीस त्या ऑफिसच्या इनबॉक्समध्ये, इतर शेकडो अशिलांच्या गर्दीत, वर्षभर पडून होती.

पहिल्या दिवशी गेलो तर "साहेब बाहेर गेलेत." दुसऱ्या दिवशी साहेब होते; म्हणाले, "अशा नोटिसा सगळ्यांनाच येतात, मी बघतो." तिसऱ्या दिवशी सर्व्हर डाऊन. चौथ्या दिवशी मी लेथ बंद ठेवून सकाळी दहाला जाऊन बाकावर बसलो. तिथं काम करणाऱ्या मुलीला माझी दया आली असावी. तिनं पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "दादा, पासवर्ड द्यायची आम्हाला परवानगी नाही." कुणाची परवानगी? पॅन आबांचं, जमीन आबांची, साडेसोळा लाख आबांच्या नावावर! साहेब बाराला आले आणि म्हणाले, "फाइल न्यायची असेल तर जुना हिशेब आधी पूर्ण करा." साडेचार हजार निघाले. दिले. पावती मागितली तर "नंतर पाठवतो." फाइल म्हणून हातात आली ती 2015 सालच्या रिटर्नची झेरॉक्स. पासवर्ड "उद्या."

माझ्या दुकानात माप जरा इकडंतिकडं झालं तर पीस परत येतो. इथं एक माणूस दुसऱ्याच्या दाराची किल्ली खिशात घालून फिरतो आणि "उद्या" म्हणतो. मी तिथं आवाज चढवला. चढवायला नको होता, काही उपयोग झाला नाही.

बरं, अपील कागदावर लिहून देता येत नव्हतं का? नाही. पहिलं अपील म्हणजे तेव्हा फॉर्म 35, तो करदात्याच्याच लॉगिनमधून ऑनलाइन जायचा. ऑर्डर मिळाल्यापासून 30 दिवसांत. आमचे तीस दिवस केव्हाच उलटले होते आणि रोजचा उशीर वाढत होता.

शेवटी मार्ग सापडला तो आधार ओटीपीचा. पासवर्ड विसरला असेल तर पोर्टलवर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून नवीन पासवर्ड करता येतो. पण आधारला जोडलेला नंबर आबांच्या जुन्या बटणाच्या फोनचा. रिचार्ज न केल्यामुळं तो कंपनीनं कधीच बंद केला होता. म्हणून आधार केंद्र. सकाळी साडेसातला टोकनसाठी रांग, आबा सत्तरीतले, डब्यात भाकरी आणि झुणका. नंबर लागला तर बोटांचे ठसे उमटेनात. पाचट ओढून ओढून रेषाच राहिल्या नाहीत. केंद्रातल्या पोरानं चार वेळा बोटं पुसायला लावली, मग डोळ्यांवर काम झालं. आबा बाहेर येऊन म्हणाले, "बोटं माझीच हैत न्हवं?"

चार दिवसांनी नवीन नंबर जोडला गेला. रात्री घरी बसून पासवर्ड बदलला, प्रोफाइलमध्ये आबांचा नंबर आणि मी काढलेला नवीन ईमेल घातला. ई-प्रोसीडिंग्ज हे नोटिसांचं पान उघडलं तर एकाखाली एक नोटिसा. 148ए, 148, 142(1), पुन्हा 142(1), शो कॉज म्हणजे कारणे दाखवा, आणि तळाला ऑर्डर. उत्तराच्या रकान्यात कुठंच काही नाही. "मी बघतो" म्हणणाऱ्यांनी काय बघितलं होतं ते तेव्हा कळलं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं पोर्टलवरचं खातं आज रात्री उघडून बघा. नंबर आणि ईमेल कुणाचा आहे एवढंच. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

वकिलाचा शोध मधल्या काळात चालूच होता. राजारामपुरीत एका काचेच्या केबिनमध्ये गेलो. एसी, कॉफी, भिंतीवर मोठ्या लोकांबरोबरचे फोटो. त्यांनी ऑर्डर हातात न घेताच "काम झालं समजा" म्हटलं आणि फीचा हिशेब सांगितला: जेवढी डिमांड उतरेल तिच्या 15 टक्के. वर म्हणाले, "पासवर्ड आमच्याकडंच राहू दे, तुम्हाला त्रास नको." मी उठलोच. नंतर कळलं की निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला मनाईच आहे. जाहिरात करायलाही मनाई आहे, त्यामुळं फोनवर "कोल्हापुरातले टॉप टॅक्स वकील" शोधून जी यादी येते तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मी त्यात एक संध्याकाळ घालवली.

मामेभाऊ पुण्यात असतो. त्याचा हट्ट, "पुण्यातलाच धर, ट्रिब्युनल इथं आहे." आयकराचं ट्रिब्युनल पुण्यात आहे हे खरं, कोल्हापूरची प्रकरणं तिथंच जातात. पण ते दुसरं अपील. पहिलं आता फेसलेस, सगळं पोर्टलवर. कोण अधिकारी आहे, कुठल्या शहरात बसलाय, काही कळत नाही. मग पुण्याला हेलपाटा कशाला? ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यावर तोच मामेभाऊ म्हणाला, "आता तर तुमच्याकडं हायकोर्टच आलं." आलं असेल, पण आयकराच्या अपिलात ट्रिब्युनल ओलांडल्याशिवाय तिथं पोचत नाही माणूस.

आम्ही ज्यांना काम दिलं त्या वकीलबाईंचं ऑफिस शाहूपुरीत, एका जुन्या इमारतीच्या लाकडी जिन्यावर. नाव त्या सीएंनीच सुचवलं. त्यांनी ऑर्डर पहिल्या पानापासून वाचली, आम्ही गप्प बसून होतो, दहा मिनिटं तरी. मग आबांना विचारलं, "आबा, जमीन महापालिकेच्या हद्दीपासून किती लांब?"

"बिंदू चौकातनं धा किलोमीटर."

"बिंदू चौकातून नको. हद्दीपासून. आणि रस्त्यानं नको, सरळ रेषेत."

साऱ्या प्रकरणाची कळ एवढीच होती आणि तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. शेतजमीन ग्रामीण असेल तर ती भांडवली मालमत्ता धरतच नाहीत, मग विक्रीच्या नफ्यावरचा कॅपिटल गेन टॅक्सही नाही. शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर हद्दीपासून 6 किलोमीटरच्या पलीकडची जमीन ग्रामीण. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास. मी तिथंच फोनवर नकाशा उघडून पट्टी लावली, पावणेसात आले. बाई हसल्या. "हे तुमच्या समाधानाला. अपिलात शिक्क्याचा कागद लागेल." अंतराचा सरकारी दाखला, त्या साली ऊस उभा असल्याची नोंद असलेला सातबारा, कारखान्याच्या ऊसबिलांच्या पावत्या, अशी यादी त्यांनी लिहून दिली. दाखल्याला तीन आठवडे लागले. त्याबद्दल तक्रार नाही, अकरा दिवसांपुढं ते काहीच नव्हते.

फी त्यांनी कागदावर टप्प्यांत लिहून दिली: अपील दाखल करताना, लेखी म्हणणं देताना, निकालानंतर. सरकारी अपील फी 1000 रुपये वेगळी. वकालतनाम्यावर सही आबांची. पोर्टलवर ईमेल आमचाच, ओटीपी आला की आबा स्वतः चष्मा लावून आकडे सांगायचे, बाई टाइप करायच्या.

हे वर लिहायचं राहिलं: बँकेनं खातं धरल्याचं जे पत्र दिलं होतं, ते जपून ठेवा. आम्हाला ऑर्डर कधी कळली याचा आमच्याकडं तेवढाच पुरावा होता. उशीर माफीच्या अर्जाला तोच जोडला, सोबत आबांचं प्रतिज्ञापत्र. डिमांडला स्थगिती मागताना साधारण 20 टक्के भरायला सांगतात. आम्ही 3 लाख 30 हजार भरले, त्यातले दोन लाख माझ्या नव्या मिलिंग मशिनच्या ॲडव्हान्ससाठी ठेवलेले होते. खातं मोकळं झालं.

त्यानंतर दीड वर्ष काहीच नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये रात्री अकराला ईमेल आला, माझ्या फोनवर. उशीर माफ, अपील मंजूर. आबा झोपले होते, उठवलं नाही. सकाळी सांगितलं तर म्हणाले, "मग आपले पैसे कवा देणार?"

ते अजून आले नाहीत. आबांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आयएफएससी म्हणजे शाखेचा कोड बदलला, त्यामुळं पोर्टलवर खातं पुन्हा प्री-व्हॅलिडेट, म्हणजे पडताळून, घ्यायचंय. या रविवारी बसतो.