फोडणीविना एकवीस दिवस

मी तुपाच्या पक्षाची आहे, हे आधीच सांगून टाकते. वाफाळत्या वरणभातावर तुपाची धार, थालीपिठाच्या मधल्या भोकात विरघळणारे लोणी आणि दुधात कुस्करलेली पुरणपोळी हे माझ्या लेखी सुखाचे चढते क्रम आहेत. अशा बाईने गेल्या चैत्रात एकवीस दिवस केवळ कच्चे, आणि तेही दूध, दही, मध वर्ज्य करून निव्वळ वनस्पतिजन्य असलेले अन्न खाल्ले, त्यामागे अध्यात्म नव्हते आणि कोणा डॉक्टरांचा सल्लाही नव्हता. भाचीने "मावशी, तुला दोन दिवससुद्धा जमायचे नाही" असे म्हटले आणि मी भरल्या ताटावरून पैज लावली, एवढेच.

नियम वरकरणी सोपा होता. अन्न साधारण बेचाळीस ते अठ्ठेचाळीस अंश सेल्सियसच्या वर तापवायचे नाही. नेमकी रेषा कुठे ओढायची यावर या पंथात मतभेद आहेत, पण चूल सर्वांनाच अमान्य आहे. दूध आणि तूप सोडावे लागणार याची मनाची तयारी मी केली होती. भात, पोळी, चहा जाणार हेही उघड होते. माझी सगळी भिस्त दडप्या पोह्यांवर होती, कारण लहानपणापासून मी ते 'न शिजवता होणारे' म्हणूनच ओळखत आले होते. पण पोहे करताना भात भिजवून, भाजून मगच कांडतात, हे सासूबाईंनी पहिल्याच सकाळी लक्षात आणून दिले आणि पोहे बाद झाले. पाठोपाठ गूळ गेला, कारण तो उसाचा रस काहिलीत आटवूनच होतो. दाण्याचे कूट भाजलेल्या दाण्यांचे, मेतकूट भाजलेल्या डाळींचे आणि काजू तर फोडण्यापूर्वीच भाजलेले किंवा वाफवलेले, तेही गेले. प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ सोडणे एक वेळ सोपे म्हणावे इतका आमच्या फडताळातल्या डब्याडब्यांत अग्नी शिरून बसला आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

पहिले तीन दिवस डोके दुखण्यात गेले. त्याचे श्रेय शरीरातील 'विषे बाहेर पडण्याला' देणारे लेख मी वाचले होते, पण वीस वर्षे दिवसाला चार कप चहा पिणाऱ्या बाईचे डोके चहा बंद केल्यावर दुखते, यात गूढ काही नाही. खरी अडचण भुकेची होती. मोठा चमचाभर तुपात जेवढे उष्मांक असतात, जवळजवळ तेवढेच मिळवायला किलोभर काकडी चावावी लागते. मी अक्षरशः दिवसभर चावत होते. मोड आलेली मटकी उसळीत जितकी लाघवी लागते, तितकीच कच्ची खाताना हट्टी असते. दुसऱ्या घासाला जबडा आणि चौथ्या घासाला पोट तक्रार करते. उत्साहाच्या भरात राजमाही भिजत घातला होता, पण कच्च्या राजम्यातील लेक्टिन नावाचे प्रथिन माणसाला सपाटून उलट्या करायला लावते, हे वेळीच वाचनात आले आणि तो राजमा रात्री घरातल्या इतरांसाठी नीट शिजला.

त्याच वाचनात दोन गोष्टी सापडल्या, त्यांनी माझा उत्साह पुरेसा थंड केला. जर्मनीतील गीसेन येथे दीर्घकाळ कच्चे अन्न खाणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांचा अभ्यास झाला होता. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पंचेचाळिशीच्या आतील सुमारे तीस टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झालेली किंवा पूर्ण थांबलेली आढळली. दुसरी गोष्ट घरची. गांधीजींनी 1929 साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्याविषयी 'यंग इंडिया'त लिहिलेही आणि प्रकृती बिघडल्यावर तो सोडून दिला. ज्यांनी जिभेवर आयुष्यभर ताबा ठेवला, त्यांचे हे झाले. मी एकवीस दिवसांवर एकही दिवस वाढवायचा नाही, असे ठरवून टाकले.

दुसऱ्या आठवड्यात मात्र जेवण सुधारले, आणि ते सासूबाईंमुळे. आधी त्यांना हा सगळाच प्रकार चोचले वाटत होता. पण सून उपाशी राहते हे त्यांना बघवेना. त्यांनी सोलकढी केली: ओल्या नारळाचे दूध, उन्हात वाळवलेली आमसुले, मिरची, लसूण, कुठेही विस्तव नाही. गच्चीवरचे पुण्याचे ऊन चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे नियमात बसणारे, तेव्हा त्यावर मीठ लावलेले टोमॅटोचे काप वाळवून त्यांनी भिजवलेल्या कच्च्या दाण्यांबरोबर वाटून चटणी केली. तरीही दर घासाला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटे, आणि काय ते मला सांगता येईना. त्यांनी ते एका वाक्यात सांगितले. "अगं, तुझ्या ताटात फोडणी नाही."

खरेच होते. आमच्याकडे काकडी कच्ची, कोबी कच्चा, पण खमंग काकडी आणि पचडी यांवर शेवटी चुरचुरीत फोडणी पडल्याशिवाय ती ताटात येत नाही. कोशिंबिरीलाही आम्ही विस्तवाचा निदान एक शिंतोडा उडवतोच. मला तुपाची आठवण येत होती, पण त्याहून जास्त आठवत होता तो मोहरी तडतडल्याचा आवाज आणि हिंगाचा वास.

यावर त्यांनी काढलेली तोड अशी की मोहरी फेसायची. त्यांच्या माहेरी रायत्यासाठी हे नेहमी होत असे. मोहरी पाण्याबरोबर वाटून हाताने किंवा रवीने फेसत राहिले, की ती हळूहळू फिकट होते आणि थोड्याच वेळात नाकात झणका जातो. दाणा फुटून पाणी लागले की त्यातले एक एन्झाइम काम करू लागते आणि हा तिखटपणा तयार होतो. तेलात तडतडवलेल्या मोहरीत ते एन्झाइम उष्णतेने मरते, म्हणून ती खमंग लागते, झणझणीत लागत नाही. कच्च्या अन्नातील 'जिवंत एन्झाइमां'विषयी मी जे भारावलेले दावे वाचले, त्यांतली बहुतेक एन्झाइमे पोटातील आम्लात टिकत नाहीत. हे एक मात्र पोटात जाण्यापूर्वीच, वाटीतच, आपले काम चोख करून जाते. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल, चिमूटभर हिंग आणि ही फेसलेली मोहरी असे मिश्रण काकडीवर घातले, तेव्हा पंधरा दिवसांत प्रथमच मी ताट चाटूनपुसून संपवले.

सोळाव्या दिवशी घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी मला बिनदिक्कत चालणारी होती. पन्हे नव्हते, त्यासाठी कैऱ्या उकडल्या होत्या. आंबेडाळ मात्र मुळात कच्चीच: हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची आणि तीत किसलेली कैरी, ओले खोबरे, मिरची, कोथिंबीर घालायची. सासूबाईंनी माझ्यापुरती डाळ चिमूटभरही साखर न घालता वेगळी काढून तिच्यावर फेसलेली मोहरी घातली आणि उरलेल्या पातेल्यावर कढल्यातली फोडणी ओतली. ते कढले त्यांनी नेमके माझ्या वाटीशेजारीच टेकवून ठेवले. मी मोह आवरला, असे भाचीला सांगितले आहे. कढल्याच्या तळाशी राहिलेली मोहरी बोटाने पुसून घेतली होती, हे आज येथे लिहीत आहे.

बाविसाव्या दिवशी सकाळी सहाला चहा झाला. वजन दोन किलोंनी उतरले होते, ते पुढच्या दोन महिन्यांत परत आले. तूप तर आलेच. फेसलेली मोहरी मात्र आमच्या घरी राहिली आहे. आठवड्यातून एकदा काकडीवर तीच असते, आणि त्या दिवशी सासूबाई कढले खाली काढत नाहीत.